पत्राची पोच

मैनाबाई मकासरेंनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं, आवकचा रबरी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि तो तसाच दाबून धरला. हात उचलेना. चर्चच्या ऑफिसात त्या एकट्याच होत्या. गुरुवार दुपारचे तीन वाजले होते, आणि बाहेर वडगावशेरीच्या रस्त्यावर गाडीला गाडी घासली म्हणून दोघे जण एकमेकांचा उद्धार करत होते.

एकोणीस वर्षं बाई या मंडळीच्या चिटणीस होत्या. त्याआधी तेहतीस वर्षं शाळेत. पत्र आलं की वहीत चढवायचं, शिक्का मारायचा, पंच कमिटीच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचं आणि आठ दिवसांत उत्तर धाडायचं, ही त्यांची पद्धत. ईमेल आला तरी त्या तो छापून घेत आणि त्यालाही शिक्का मारत. "बाईंना स्वर्गातून निरोप आला तरी आधी आवक क्रमांक घालतील," असं कचरूभाऊ ओहोळ म्हणत, आणि बाईंना ते ऐकून मनातून बरंच वाटे.

पत्र युगांडातल्या एका गावच्या चर्चकडून मेलवरून आलं होतं. छापील लेटरहेड, खाली गोल जांभळा शिक्का. आपण ज्या तरुणीच्या सभासदत्वाचा दाखला मागितलात, तिला आमच्या मंडळीनं गेल्या वर्षी सात सप्टेंबरला बहिष्कृत केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. तिचा एका स्त्रीबरोबर संसार असल्यासारखा संबंध होता. आमच्या देशात हा गुन्हा आहे. नऊ सप्टेंबरला पोलिसांत तक्रार झाली. पुढे ठाण्याचं नाव आणि तक्रारीचा क्रमांक. त्याच दिवशी गावातल्या माणसांनी त्या दुसऱ्या स्त्रीचं दुकान जाळलं, ती आता तुरुंगात आहे. ही मुलगी भारतात पळाली. आपल्या पत्रामुळे तिचा ठावठिकाणा लागला, त्याबद्दल आभार. आपण दिलेला पत्ता तिचा भाऊ रोनाल्ड याला दिला आहे. त्याच्या ओळखीचे दोन तरुण आपल्याच शहरात शिकतात. त्यांच्या परीक्षा वीस मार्चला संपतात, त्यानंतर ते येऊन तिला घेऊन जातील. कळावे. एफ. नामुली, चिटणीस.

एका कागदात बाईंना दोन गोष्टी कळल्या. प्रॉसी कोण आहे, ही एक. आणि तिला पकडून कुणी दिलं, ही दुसरी.

प्रॉसी ऑक्टोबरमध्ये मंडळीत आली. दुसऱ्याच रविवारी महिला मंडळानं तिची प्राची करून टाकली. कॉलेज सुटलंय, घरची माणसं त्रास देतात, दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसात आसऱ्यासाठी अर्ज केलाय, एवढं तिनं सांगितलं होतं. घरची माणसं त्रास देतात म्हणजे लग्नाचा तगादा असणार, असं बाईंनी आपल्या मनानं ठरवून टाकलं आणि तिला वाघोलीच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. मुलगा मस्कतला होता, त्याची खोली रिकामीच होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, एक प्रभुभोजनाचा रविवार सोडला तर. त्या दिवशी सगळे उठून प्रभूची भाकर घ्यायला वेदीपाशी जात आणि प्रॉसी तिसऱ्या बाकावर एकटी बसून राही. दुसऱ्या मंडळीतून आलेल्यानं मूळ मंडळीचा दाखला आणायचा, तोवर त्या भाकरीला हात लावायचा नाही, हा इथला नियम. आणि तो जिवापाड सांभाळणाऱ्या मैनाबाईच. दाखला यायला वेळ लागतो, असं प्रॉसी दर वेळी म्हणायची. चार महिने तिला तशी बसलेली पाहून बाईंचा जीव तुटायला लागला. तिच्या बायबलच्या पहिल्या पानावर तिच्या चर्चचं नाव होतं. फेब्रुवारीत एका दुपारी बाईंनी स्वतःच पत्र लिहिलं. मुलीचं तोंडभर कौतुक केलं. पत्ता दिला तो घराचा, विंग आणि फ्लॅटच्या क्रमांकासकट, कारण अपुरा पत्ता लिहिणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. प्रॉसीला काही सांगितलं नाही. ईस्टरला तिला चकित करायचं होतं.

शिक्का न मारताच त्यांनी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि रिक्षा केली.

घरी प्रॉसी ओट्यापाशी उभी राहून कच्ची केळी सोलत होती. पातेल्यात दाण्याच्या कुटाचा रस्सा रटरटत होता. दोघी एकमेकींशी इंग्रजीत बोलत. पाच महिन्यांत प्रॉसीनं 'मावशी', 'बास', 'चालेल' आणि 'काही नाही' एवढी मराठी उचलली होती, आणि पुण्यात तेवढ्यावर पुष्कळ भागतं.

बाईंनी पर्स खांद्यावरून काढलीही नाही.

"प्रॉसी, मी तुझ्या चर्चला पत्र लिहिलं होतं."

सुरी थांबली.

"कुठल्या चर्चला?"

"तुझ्या गावच्या. दाखल्यासाठी."

"पत्ता कुठला दिलात?"

बाईंना बोलायला वेळ लागला, आणि तेच उत्तर झालं. प्रॉसीनं पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं.

"हा?"

"हो."

प्रॉसीनं गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत जाऊन दाराची वरची कडी लावली, खालची लावली आणि परत येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तुम्ही मला रोज विचारता. चहा घेशील का. साखर किती घालू. चादर जाड देऊ का पातळ. हे का नाही विचारलं?"

चांगलं करायचं असलं की विचारायचं नसतं, हे बाईंना कधी कुणी शिकवलं नव्हतं. तरी जन्मभर त्या तशाच वागत आल्या होत्या. त्यांनी पर्समधला कागद चाचपला आणि जे विचारायचं नाही असं रिक्षात ठरवलं होतं तेच विचारलं.

"त्यात तुझ्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे?"

"हो," प्रॉसी म्हणाली. "तिचं नाव एव्हलिन. शिवणकामाचं दुकान होतं तिचं."

बाई आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. कशाची भीती वाटली हे त्यांना सांगता आलं नसतं. याच मुलीनं थंडीत त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं होतं, ते आठवून त्यांना उगाचच अंग चोरावंसं वाटलं, आणि मग अंग चोरल्याचीच शरम वाटली. पलंगावर बसून त्यांनी असल्या संबंधाविरुद्धचं, लहानपणापासून पाठ असलेलं वचन मनात म्हणून पाहिलं. वचन सरळ पाठ होतं, पण त्याच्यामागून दुकान जाळल्याची ओळ येई आणि पुढे काही सुचत नसे. अर्ध्या तासानं त्या उठल्या. कडी वाजू नये म्हणून त्यांनी ती दोन बोटांनी धरून अलगद काढली. लावताना ती चांगली खणकन वाजली होती, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

सकाळी प्रॉसीची बॅग दाराशी होती.

"कुठे जाणार?"

"माहीत नाही. आधी ते पत्र दाखवा."

तिनं ते उभ्यानंच वाचायला घेतलं. एव्हलिन तुरुंगात असल्याच्या ओळीवर ती थांबली. ते तिला ठाऊक असावं, कारण ती पुढे गेली. शेवटी आली आणि बॅगेवरच बसली.

"एफ. नामुली," ती म्हणाली. "फ्लॉरेन्स. माझी आई."

बाईंना वाटलं होतं, कुणी सुटाबुटातला गृहस्थ असेल.

"तुझी आई चिटणीस आहे?"

"वीस वर्षं. त्या रविवारी माझं नाव तिनंच वाचलं. सगळ्या चर्चसमोर. चिटणीसच वाचते ना?" प्रॉसीनं कागद खाली ठेवला, पालथा. "मला बघतसुद्धा नव्हती. कागदाकडे बघत होती."

बाईंनी कागद उचलला, चष्मा लावला आणि चौथ्यांदा वाचायला घेतला. काल त्यांनी तो एका अपराधी बाईच्या नजरेनं वाचला होता. आज त्या चिटणीस म्हणून वाचू लागल्या, आणि मधेच त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे पत्र फार लांब आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दाखला नाकारायचा तर दोन ओळी पुरतात. मी स्वतः सात-आठ नाकारलेत. कारणसुद्धा देत नाही आपण. इथे पोलीस ठाण्याचं नाव आहे, क्रमांक आहे, तारखा आहेत. आपल्याच गावानं दुकान जाळलं, हे कुठली चिटणीस लेटरहेडवर लिहील? आणि ती मुलं कधी येणार हे आपल्याला कशाला कळवायचं? धरायला येणारा माणूस तारीख सांगून येतो का?"

"तुम्ही तिला ओळखत नाही, मावशी. तिला सगळं तपशीलवार लिहायची सवयच आहे."

"असेलही," बाई म्हणाल्या. सवयीनं काय होतं ते त्यांना कालच कळलं होतं.

एक गोष्ट मात्र दोघींनाही दिसत होती. नोव्हेंबरात दिल्लीच्या मुलाखतीत प्रॉसीला विचारलं होतं, काही कागद आहे का. नसला तरी तुमचं ऐकून घेऊ, असला तर बरं, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा तिच्याकडे पासपोर्ट, बायबल आणि अंगावरचे कपडे सोडून काही नव्हतं. आता कागद होता. पण मेलवरून आलेला कागद कुणीही घरी बसून तयार करू शकतो. हे पत्र आमच्याच पत्राला उत्तर म्हणून आलं, असं इथल्या मंडळीनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं तर त्याला वजन येणार. आणि मंडळीचं लेटरहेड बाहेर धाडायचं तर पंच कमिटीची मंजुरी हवी. म्हणजे उद्याच्या बैठकीत ते सगळ्यांपुढे वाचायला हवं.

"मी नाही वाचणार," बाई एकदम म्हणाल्या. "हे माझ्यापाशीच राहील. कुणाला कळायचं नाही."

"मग मी दिल्लीला काय नेऊ?"

"ते तुला काय काय बोलतील, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मी एकदा ऐकलंय." प्रॉसी उठली आणि बॅग उचलून पुन्हा आत ठेवून आली. "वाचा. पण सगळं वाचा. मधलं काही गाळू नका."

"चालेल तुला?"

"चालेल," प्रॉसी मराठीत म्हणाली.

शनिवारी पाच वाजता बैठक भरली. पाळक रविराज साळवे होते, ज्येष्ठ पंच कचरूभाऊ होते, महिला मंडळाच्या सलोनीताई होत्या, आणि चहापुरतं तोंड उघडणारे आणखी दोघे. प्रार्थना झाली. बाईंनी पत्र मराठी करत वाचलं, सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं. काही गाळलं नाही. वाचून झाल्यावर कुणी कुणाकडे पाहिना.

"आपल्याला का धाडलं हे त्यांनी?" कचरूभाऊंनी विचारलं.

"मी मागितलं म्हणून. मुलीला न विचारता. चूक माझी आहे, इतिवृत्तात तशी लिहिली आहे."

"करायला गेलो गणपती न् झाला मारुती," कचरूभाऊ म्हणाले. "आपल्यात आसं म्हणत न्हाईत, पर झालंय त्येच."

कुणी हसलं नाही. पाळकसाहेब टेबलावरच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर निरखत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "ऑक्टोबरपासून. तिनं मला सगळं सांगितलं होतं."

मैनाबाई वळल्या. "मला नाही सांगितलंत ते? मला नुसती खूण केली असतीत तरी हे पत्र गेलं नसतं."

"बाई," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही नोंद केली असतीत."

बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सगळ्यात वाईट हे की त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी खरोखरच नोंद केली असती. तारीख घालून, सुवाच्य अक्षरात.

"आणि मला कुणी सांगायचं?" सलोनीताईंचा आवाज चढला. "माझ्या सुनेबरोबर तासन्‌तास बसलीय ती स्वयंपाकघरात. आम्ही सगळ्यांनी तिला लेक लेक केलं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" बाईंनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. पण मला माहीत असतं ना! शास्त्र काय म्हणतं ते इथे सगळ्यांना पाठ आहे, मी वेगळं सांगत नाही."

पाळकसाहेबांची काळजी वेगळी होती. आपल्यावर आधीच लोकांचे डोळे असतात, ते म्हणाले. परदेशी मुलगी, त्यात हा विषय, त्यावर आपलं लेटरहेड. उद्या कुणी दाराशी येऊन घोषणा दिल्या तर रविवारी म्हातारीकोतारी माणसं उपासनेला येतील का? ते भित्रे नव्हते. दीडशे माणसांची जबाबदारी असलेला माणूस जेवढा भितो तेवढेच ते भीत होते.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. चार ओळी टाइप केलेल्या होत्या.

"यात चांगलं-वाईट काही लिहिलेलं नाही. आम्ही बारा फेब्रुवारीला पत्र लिहिलं, त्याला बारा मार्चला सोबतचं उत्तर आलं. एवढंच."

कचरूभाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"पत्र आलं, येवढंच म्हणायचं?"

"एवढंच."

"पत्र तर आलंय."

"हो."

"मंग आलंय त्याला आलंय म्हणायला शास्त्र कशाला बघायचं?" त्यांनी खिशातून पेन काढलं आणि जीभ दातांत धरून सही केली. "मला तिचं पटलंय आसं न्हाई. पायजे तर लिहून ठेवा, बाई, तुमचा हातखंडाच हाय. पर दुसऱ्याचं दुकान जाळणारा बी माझा कोण लागत न्हाई."

त्यांनी पेन पाळकसाहेबांपुढे सरकवलं. पाळकसाहेबांनी ते उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी सही केली तेव्हा नाव नेहमीपेक्षा लहान पडलं. दोघा पंचांनी चहा संपवून सह्या केल्या.

"मी करणार नाही," सलोनीताई म्हणाल्या.

"नको करूस," बाई म्हणाल्या.

बैठक आटोपल्यावर बाई पायऱ्यांवर चपला घालत होत्या. सलोनीताई स्कूटरपाशी पोचून पुन्हा मागे आल्या. बोलताना त्या बाईंकडे न पाहता हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होत्या.

"ती वीसच्या आत तुमच्याकडून निघायला पाहिजे ना?"

"पाहिजे तर."

"मांजरी गावात आमच्या घरी वरच्या मजल्यावर खोली आहे. भाडेकरू डिसेंबरात गेला."

बाई नुसत्या बघत राहिल्या.

"असं बघू नका. मला त्यातलं काही पटलेलं नाही, आणि मला परत विचारूही नका. पण ती दोघं येऊन तिला ओढून नेणार आणि मी रविवारी उभी राहून गीत गाणार, हे मला जमायचं नाही." त्यांनी हेल्मेट चढवलं. "आणि हा पत्ता कुठल्या कागदावर लिहू नका. वहीतसुद्धा नाही."

"वहीतसुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

रविवारी दुपारी सलोनीताईंचा मुलगा गाडी घेऊन आला आणि प्रॉसी मांजरीला गेली. दिल्लीची पुढची मुलाखत दोन एप्रिलला होती. जाताना तिनं बाईंना मिठी मारली नाही. पत्र आणि सह्यांचा कागद घातलेलं पाकीट मात्र छातीशी धरलं होतं. बाईंनी तिच्या खोलीतली चादर बदलली आणि उगाचच दोनदा झटकली.

शनिवारी, एकवीस तारखेला, संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात दोन तरुण. स्वच्छ इस्त्रीचे शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. "गुड ईव्हनिंग, ममा," म्हणाले. बोलणं इतकं अदबीचं, की बाईंच्या वर्गात असते तर त्यांना मॉनिटर केलं असतं. आमची बहीण इथे राहते, घरी तिची फार काळजी करतात, तिला भेटायला आलो. एक बोलत असताना दुसरा बाईंच्या खांद्यावरून आतली दारं मोजत होता.

"ती इथून गेली," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"मला सांगितलं नाही. कुठे जाते हे ती मला कधीच सांगायची नाही."

तेहतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाई न अडखळता खोटं बोलल्या. त्यांनी दोघांना आत घेऊन ती खोलीही दाखवली. संत्री ठेवून ते गेले. पुन्हा येऊ म्हणाले. लिफ्टचं दार लागल्यावर बाई तिथेच चपलांच्या कपाटावर बसल्या. भीती ओसरल्यावर त्यांना एकच गोष्ट राहून राहून आठवत राहिली. पत्रातली तारीख तंतोतंत खरी होती.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी, साडेसातला, त्यांनी ऑफिस उघडून मेल पाहिला. एकच नवं पत्र होतं. लेटरहेड नव्हतं, शिक्का नव्हता. आमचं पत्र पोचल्याचं कृपया कळवावं. एफ. नामुली.

हात आपोआप पुढे गेला. 'आपलं पत्र मिळालं' एवढं इंग्रजीत टाइप झालंही. मग बाईंनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले. थोड्या वेळानं त्यांनी सलोनीताईंना फोन लावला आणि प्रॉसीला बोलवायला सांगितलं.

"तुझ्या आईचं पत्र आलंय. एकच ओळ आहे. आधीचं पत्र पोचलं का, एवढंच विचारलंय."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी उत्तर दिलेलं नाही. तू सांगशील तसं करेन."

"किती वाजता आलं ते?"

"सात दहाला."

"म्हणजे तिकडे पाचसुद्धा वाजले नव्हते." प्रॉसीनं श्वास घेतला तो बाईंना ऐकू आला. "चर्चचं ऑफिस त्या वेळी बंद असतं. घरातले सगळे झोपलेले असतात. आई तेवढी उठते. गाय आहे आमची, तिचं दूध काढायला."

"प्रॉसी, काल ते दोघे येऊन गेले. तिनं लिहिलं होतं, अगदी तेव्हाच आले."

"सलोनीताईंनी सांगितलं मला."

"मग लिहू ना? एकच शब्द लिहिते. पोचलं, म्हणून."

"तिचं मेलचं खातं रोनाल्डच्या फोनवरही उघडतं, मावशी. त्यानंच तिला ते काढून दिलंय." ती थांबली. "तुम्ही लिहिलंत की त्याला कळेल, पत्र तुम्हाला मिळालं होतं. मग मी वेळेवर कशी निघाले, हेही कळेल. आणि ते पत्र कुणी लिहिलं, ते त्याला माहीत आहे."

मागून सलोनीताईंच्या सुनेचा आवाज आला. चहा गार होतोय म्हणत होती.

"नको," प्रॉसी म्हणाली. "उत्तर नको."

"ती वाट बघत राहील गं."

"हो," प्रॉसी म्हणाली.

फोन ठेवून बाईंनी टाइप केलेले शब्द एकेक अक्षर करून पुसले. बाहेर लोक यायला लागले होते, कुणीतरी पेटीचे सूर लावून पाहत होतं. बाई ते एका ओळीचं पत्र समोर उघडं ठेवून उपासना सुरू होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.